कपाट दारात उभं राहतं

३, मंगळवार

दादाने कुत्रं आणलं. मला विचारलं नव्हतं. वहिनीलाही विचारलं नसावं, असं तिच्या भांडी ठेवण्याच्या आवाजावरून वाटलं.

बुलमास्टिफ. नर. वय चार वर्षं. अंग तपकिरी, तोंड काळं. वजन दादाच्या म्हणण्यानुसार अठ्ठावन्न किलो. मी घरातला आणि शेजारच्या काकूंचा असे दोन वजनकाटे शेजारी ठेवले. पुढचे पाय एकावर, मागचे दुसऱ्यावर. बेरीज छप्पन्न पूर्णांक चार.

"आल्या आल्या दीड किलोने वाळवलं बिचाऱ्याला," दादा म्हणाला. "दशांश, जरा दम धर." घरात मला दशांश म्हणतात.

कारण असं की, मागच्या महिन्यात गल्लीत दोन घरं भरदिवसा फोडली गेली. आमचं शेवटचं घर. दादाच्या ओळखीच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, बाई. त्या आता मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेल्या आणि तिथे कुत्रं चालत नाही. "एकटीने वाढवलंय त्यांनी. एकदम शिस्तीचं," असं दादाने तीनदा सांगितलं.

कागदावर त्याचं लांबलचक नाव आहे, ते कुणालाच म्हणता आलं नाही. भिंगरीने त्याच्याभोवती एक फेरी मारली. (दादाची मुलगी. साडेपाच वर्षांची. एका जागी टिकत नाही.) "हे कपाट आहे," ती म्हणाली. नाव ठरलं.

 आईने आपली खुर्ची वीतभर मागे घेतली, एवढंच.

५, गुरुवार

या जातीबद्दल मिळालं तेवढं वाचलं. शांत. फार भुंकत नाही. परक्यांपासून अंतर ठेवतं. बऱ्याच गोष्टी स्वतःच ठरवतं. चोराला पाडून दाबून धरण्यासाठी ही जात तयार केली. चावायचं नाही, माणसं येईपर्यंत नुसतं अडवून ठेवायचं. माया दाखवत नाही असं वाटतं, पण दाखवतं. अंगावर रेलून.

जेवताना हे वाचून दाखवलं.

"अय्या, म्हणजे तुमची बहीणच की," वहिनी दादाला म्हणाली. "फक्त ते रेलायचं सोडून."

दादा हसता हसता खोकला. मला विनोद पुरता कळला नाही. मी भुंकत नाही, हे खरं आहे.

एक निरीक्षण. आईने भिंगरीला "ये गं जेवायला" म्हटलं की भिंगरीच्या आधी कपाट पोचतं. आई म्हणते, हावरट आहे. पण ते ताटाकडे बघतसुद्धा नाही. आईच्या गुडघ्याला टेकून उभं राहतं आणि समोरच्या भिंतीकडे बघतं. हावरटपणाच्या व्याख्येत हे बसत नाही.

९, सोमवार

कुणी येता-जाता आतापर्यंत कपाटाला आतल्या खोलीत कोंडत होतो, आजपासून मोकळं. सकाळी आठ दहा. दादा बूट घालून, डबा घेऊन दारात. "चल, येतो गं आई," म्हणाला. आई आतून "हं" म्हणाली. तेवढ्यात कपाट आतल्या खोलीतून धावत आलं. (अंतर पाच मीटर, वेळ अंदाजे दीड सेकंद.) दादा आणि दार यांच्यामध्ये घुसलं आणि त्याच्या गुडघ्यांवर सगळा भार टाकून उभं राहिलं. दादा भिंतीला चिकटला.

"अरे ए! कुणीतरी कपाट हलवा!"

गुरगुर नाही, दात नाहीत, शेपूट स्थिर. वहिनीने बिस्कीट दाखवल्यावर बाजूला झालं.

मी आठ पंचवीसला निघाले. कपाट पलंगाशेजारी पडलं होतं. एक डोळा उघडला, मिटला.

१०, मंगळवार

आज दुसऱ्यांदा, आणि घरच्या माणसावर नाही.

शेजारच्या काकू कपाट बघायला आल्या होत्या. तासभर बसल्या. त्या बसलेल्या असताना कपाटाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चहा झाला, शेवटी उठल्या. दारात उभं राहून आणखी वीस मिनिटं बोलल्या (ही त्यांची नेहमीची पद्धत) आणि मग, "बरंय, येते हं. तुम्ही पण या एकदा सगळे," असं म्हणाल्या. कपाट उठलं आणि त्यांच्यावर चालून गेलं. काकू मागे सरकत चपलांच्या मांडणीवर बसल्या. मांडणी मोडली.

"मेले गं बाई! हे मला घरी सोडतंय की नाही?"

"काकू, त्याला तुमचा लळा लागलाय," दादा म्हणाला.

"लळा नको, दार दे मोकळं!"

काकू मोडक्या मांडणीत दहा मिनिटं बसून होत्या, कारण कपाट त्यांच्या गुडघ्यांना टेकून उभं होतं. मी वाचलेलं आठवलं: माणसं येईपर्यंत अडवून ठेवायचं. पण अडवायचं ते आत येणाऱ्याला. हे बाहेर जाणाऱ्याला अडवतंय. दिशा उलटी आहे.

१३, शुक्रवार

आतापर्यंत सात वेळा झालं. तक्ता केला: कोण, किती वाजता, पायात काय, हातात काय, आधी काय चाललं होतं.

दादा चार वेळा, वहिनी दोनदा, काकू एकदा. चामड्याचे बूट, रबरी चपला, साध्या चपला. डबा होता, पिशवी होती, काहीच नव्हतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ. जमिनीवर बसून वेणी घालत असलेली वहिनी उठून निघाली तरीही. यातलं काहीही जुळत नाही.

आई फारशी बाहेर जात नाही, त्यामुळे तिची नोंद नाही. माझी शून्य. मी रोज दोनदा निघते, एकदा कामाला आणि एकदा चालायला. एकदाही नाही.

माझी गृहीतकं. एक: माझ्या कपड्यांना प्रयोगशाळेतल्या तेलाचा वास असतो. दोन: मी हळू चालते. तीन: मी त्याच्या हिशेबात घरातली नाही, म्हणून मला थांबवायची गरज नाही. तिसरं खोडलं आणि पुन्हा लिहिलं.

प्रयोगशाळेत (आम्ही कारखान्यांचे दाबाचे गेज तपासतो, खरा दाब किती आणि काटा दाखवतो किती, एवढंच आमचं काम) आज मुख्यांना सहज सांगितलं. ते वजनं पुसत होते.

"एक गेज बाकी सगळ्यांकडे चुकीचा दाखवतो आणि तुझ्याकडे बरोबर, असं झालं तर काय करशील?"

"गेज पुन्हा तपासीन."

"तसं नको. तू काय वेगळं करतेस ते बघ आधी. सगळे झडप एका झटक्यात उघडत असतील आणि तू हळू उघडत असशील. गेज बिचारा ठीकच असेल."

घरी येऊन मी काय वेगळं करते याची यादी केली. बूट बाहेर घालते. पिशवी डाव्या खांद्याला. उंबऱ्यावर थांबत नाही. निघताना काही बोलत नाही, ही बऱ्याच वर्षांची सवय. दार स्वतः ओढून घेते. उजव्या हाताने.

उद्या डाव्या हाताने ओढून बघणार.

१४, शनिवार

डाव्या हाताने ओढलं. फरक नाही.

वहिनी बघत होती. "काय चाललंय?"

"तपासतेय, हे मला का अडवत नाही ते."

"तुला कोण अडवणार बाई. तू गेलीस हे आम्हाला दाराचा आवाज आल्यावर कळतं."

१६, सोमवार

भिंगरी पडली.

सकाळी सात पन्नास. सुट्टीनंतर शाळेचा पहिला दिवस. शाळेची गाडी बाहेर उभी. भिंगरी दप्तर घेऊन धावत दारापर्यंत गेली, पायरीवर एक पाय टाकला आणि मागे वळून ओरडली, "आई, येते! आजी, येते! आत्या, येते!" कपाट आलं. तिच्या गुडघ्यांवर रेललं. तिचं वजन साडेसतरा किलो. ती पायरीवरून खाली गेली. हनुवटीला दोन टाके.

डॉक्टरकडे भिंगरी रडली नाही. घरी आल्यावर कपाटाला मागच्या व्हरांड्यात बांधलेलं पाहून रडली.

वहिनी चढ्या आवाजात बोलत नव्हती. ते जास्त वाईट होतं. "रविवारपर्यंत. त्यानंतर मला हे या घरात दिसता कामा नये."

दादाने कुणाकुणाला फोन केले. गावाबाहेर एक गोदाम आहे. तिथल्या काकांना फाटकावर मोठं कुत्रं हवंय. बुधवारी बघायला येणार, रविवारी नेणार.

"तिथे ते बांधलेलं असेल का?" मी विचारलं.

"गोदाम आहे, दशांश. पलंग नाही देणार."

भिंगरी म्हणाली, "आत्या, 'ते' नको म्हणू. तो आहे तो."

मी म्हटलं, कपाट नपुंसकलिंगी असतं. ती म्हणाली, हा कपाट तसा नसतो.

१८, बुधवार

मी अर्धा दिवस सुट्टी घेतली. कारणाच्या रकान्यात "घरगुती" लिहिलं.

गोदामवाले काका चारला आले. जाडजूड, मोकळे, आल्या आल्या जमिनीवरच बसले. कपाट जागचा हलला नाही. काकांनी चुचकारलं, टिचक्या वाजवल्या, बिस्कीट पुढे धरलं. त्याने तोंड फिरवलं.

"गर्विष्ठ आहे," काका खूश होऊन म्हणाले. "असाच पाहिजे. फाटकावर साखळी घालून उभा केला की कुणाची हिंमत नाही."

"साखळी किती लांब?" मी विचारलं.

"अहो ताई, लांब कशाला? फाटक काय पळून जातंय?"

दादाने हसल्यासारखं केलं. काका गुडघ्यावर हात ठेवून उठले. "बरंय साहेब. येतो मग रविवारी."

कपाट उठला. तीन ढांगांत त्यांच्यापाशी गेला आणि गुडघ्यांना टेकून उभा राहिला. दादाने डोळे मिटून घेतले. काका मात्र हलले नाहीत. आयुष्यभर कुत्री पाळलेला माणूस असावा. पाय रुंद करून उभे राहिले आणि त्याची मान थोपटू लागले.

"अरे वा! इतका वेळ नखरे, आणि आता हाकेला धावून आला! बघा, ओळखलं मालकाला."

"हाकेला?" मी म्हटलं. "तुम्ही हाक कुठे मारली?"

"मारली नाही? मग आला कशाला?"

काका गेल्यावर तक्ता काढला. त्यात "काय बोललं" असा रकानाच नव्हता. इतके दिवस मी बूट मोजत होते.

२०, शुक्रवार

दादाकडून नंबर घेऊन बाईंना फोन केला. आवाज खणखणीत. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जात असणार.

"त्याला कोणकोणते शब्द शिकवलेत?"

"चारच. बस, ऊठ, सोड, ये. मुलं असोत की कुत्री, शब्द कमी ठेवावेत."

"'ये' म्हटल्यावर त्याने नेमकं काय करायचं?"

"धावत यायचं आणि माझ्या गुडघ्याला टेकून उभं राहायचं. माझे गुडघे गेलेत गं. उठताना मला टेकायला काहीतरी लागायचं. लहानपणी अळमटळम करायचा. मग मी दरडावायचे, 'येतोस की नाही?' ते ऐकलं की कुठूनही यायचा."

मी हे शब्दशः लिहून घेतलं. मग विचारलं, "तुम्ही घरातून बाहेर पडताना काय म्हणायचात?"

"काय म्हणणार?"

"म्हणजे, 'येते' वगैरे."

"कुणाला म्हणू? कुलूप लावायचं आणि निघायचं."

मी आभार मानले. त्यांनी विचारलं, तो जेवतो ना. म्हटलं, जेवतो. रविवारचं मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ठरवता आलं नाही. फोन ठेवताना त्या "ठेवते" म्हणाल्या आणि ठेवला नाही. मग मी ठेवला.

तर त्याला जाणाऱ्यांची भाषा कधी ऐकायलाच मिळालेली नाही. आमच्याकडे निघणारा प्रत्येक माणूस "येतो", "येते" म्हणतो. तो ऐकतो आणि येतो. आज्ञा पाळल्याबद्दल आपण त्याला साखळीला पाठवतोय.

रात्रीच्या जेवणात हे मांडलं. दादाने चमचा खाली ठेवला. "म्हणजे काकूंना त्याने... काकूंनी त्याला बोलावलं होतं?"

"हो."

"आणि त्या मांडणीत बसून ओरडत होत्या!" तो इतका हसला की भिंगरीपण हसायला लागली आणि टाके दुखले म्हणून रडली.

वहिनी हसली नाही. "हे तुझं गणित झालं. खरं कशावरून?"

प्रश्न बरोबर होता. उद्या चाचणी.

२१, शनिवार

घरात मी, आई आणि कपाट. बाकीचे टाके दाखवायला गेलेले. आई स्वयंपाकघरात होती. तिला चाचणीचं सांगितलेलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर ती बघायला उभी राहिली असती.

मी बूट घालून दारात उभी राहिले. कपाट खिडकीखाली झोपलेला. प्रत्येक शब्द नेहमीच्या आवाजात, मध्ये तीन मिनिटं.

"जाते." हालचाल नाही. (आतून आईचा झारा थांबला. पुन्हा सुरू झाला.)

"निघते." कान हलला. बाकी काही नाही.

"आले." काही नाही.

चौथा शब्द लगेच म्हणता आला नाही. आत जाऊन पाणी प्यायले आणि पुन्हा दारात येऊन उभी राहिले. बाबा गेल्यापासून हा शब्द मी दारात म्हटलेला नाही, त्यामुळे नेहमीचा आवाज कुठला तेच ठरवता येईना. शेवटी म्हटला.

"येते."

कपाट आला. धावत, सरळ. माझ्या गुडघ्यांना टेकला. वजन मोजायचं साधन हाताशी नव्हतं, पण छप्पन्नपेक्षा जास्त वाटलं. मी पडले नाही, चौकट धरली होती.

आणि आई आली. ओले हात, झारा हातातच, पीठ सांडत.

"काय म्हणालीस?"

"चाचणी होती, आई. तो शब्दावर येतो का ते बघत होते. आला."

ती कपाटाकडे बघत नव्हती. "म्हणालीस ना? मग जा आता. म्हटल्यावर उंबऱ्यात थांबू नये."

मला कुठे जायचं नव्हतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आले. चार मिनिटं लागली. आई होती तिथेच उभी होती, झारा तसाच हातात.

"आलीस," ती म्हणाली आणि आत गेली.

निष्कर्ष: अंदाज बरोबर. आईचं कारण कळलं नाही. ती शब्दावर येईल असं मी धरलंच नव्हतं.

२२, रविवार

वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ठीक आहे. मग उद्यापासून सगळ्यांनी 'जातो' म्हणायचं. प्रश्न मिटला."

"या घरात कुणी 'जातो' म्हणणार नाही," आई म्हणाली. कपाट येऊन एकोणीस दिवस झाले, त्यात तिने घेतलेला हा पहिला निर्णय.

"आई, एक शब्द तर आहे. 'निघतो' म्हणू दे," दादा म्हणाला.

"काकू म्हणतील का 'निघते'? पाहुणे म्हणतील? उद्या तू फलक लावशील दारावर?"

"मग त्याला साखळी," वहिनी म्हणाली. "मला माझ्या मुलीची हनुवटी हवी आहे."

कुणीच चुकीचं बोलत नव्हतं. मी सांगितलं, जुना शब्द सुटायला आणि नवा बसायला त्याला सहा आठवडे लागतील. वहिनी म्हणाली, सहा आठवडे मी रोज पायरीवर उभी राहणार नाही.

गोदामवाले काका अकराला आले, साखळी खांद्यावर टाकून. नवी कोरी होती. मी बघून मोजली: दीड मीटर. भिंगरी कपाटाच्या पाठीवर आडवी पडून राहिली.

वहिनी बराच वेळ तिच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "काका, उद्या सकाळी सांगते. शाळेला जाताना मी स्वतः बघणार आहे. एकदा. ती नुसती अडखळली तरी दुपारी घेऊन जा."

काकांनी साखळी उतरवली. "बरं. मग मी—" म्हणाले, कपाटाकडे पाहिलं, आणि त्यांना शब्दच सापडेना. हात हलवून गेले.

एका दिवसात मला काहीही शिकवता आलं नाही. दुपारभर "ये" ऐवजी "इकडे" म्हणून बघितलं. तो माझ्याकडे बघत राहिला, ओळखीचं माणूस परकी भाषा बोलायला लागावं तसा.

२३, सोमवार

सात अठ्ठेचाळीस. शाळेची गाडी बाहेर. वहिनी पायरीच्या खाली, हात पुढे करून. दादा दाराच्या मागे, कपाटाला धरायच्या बेतात. मी कपाटाच्या डाव्या बाजूला. आई स्वयंपाकघरात. तिला यात धरलंच नव्हतं.

भिंगरीला बजावून ठेवलं होतं, आज काही बोलू नकोस. ती दारापर्यंत गप्प गेली. पायरीवर पोचल्यावर गर्रकन वळली. "आजी, येते!"

कपाट सुटला. दादाच्या हातात काही आलं नाही. मी पट्ट्याला हात घातला, निसटला. तो दारापासून एक मीटरवर असेल.

"ये," आई आतून म्हणाली.

मोठ्याने नाही. कुणी निघालं की आतून म्हणतात तसं. गेली सहा वर्षं ती नुसती "हं" म्हणते. त्याआधी "ये" म्हणायची. बाबांना रोज म्हणायची, मला आठवतं.

कपाटाचे पाय फरशीवर घसरले. त्याने भिंगरीकडे पाहिलं, मग मागे पाहिलं. मग वळला आणि स्वयंपाकघरात गेला.

भिंगरी दोन पायऱ्या उतरली आणि गाडीत बसली. वहिनीचे हात अजून पुढेच होते. तिने ते खाली घेतले, दादाकडे पाहिलं आणि म्हणाली, "काकांना फोन कर. नाही म्हणावं." आत जाताना तिने डोळे पुसले. रागाने की कशाने, मला सांगता येत नाही.

मी आत डोकावले. आई ओट्यापाशी उभी होती आणि कपाट तिच्या गुडघ्याला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत होता. आईचा एक हात त्याच्या डोक्यावर होता.

"आई, तुला कसं सुचलं?" मी विचारलं.

"काय?"

"आतून 'ये' म्हणायचं. तो बोलावणाऱ्याकडे वळेल, हे."

"मला काही सुचलं नाही," आई म्हणाली. "पोर निघाली. 'येते' म्हणाली. मग काय म्हणायचं असतं?"

मला आठ पंचवीसला निघायचं होतं. बूट घातले, पिशवी डाव्या खांद्याला. आज चाचणी नव्हती. तक्ता नव्हता. दारात उभी राहून म्हटलं, "येते."

"ये," आई म्हणाली.

आज तो दाराकडे आलाच नाही. तिच्यापाशीच होता. दार पूर्ण मोकळं होतं, कुणीही अडवत नव्हतं, आणि मी तशीच उभी होते. कामावर नऊ मिनिटं उशिरा पोचले. मुख्यांनी कारण विचारलं, मी "घरगुती" सांगितलं.